करारानंतरचे नियमन : रत्नागिरी जिल्ह्यातील तीन वीज प्रकल्पांच्या संदर्भात एक समीक्षा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील वीज नियमनाची चर्चा प्रायः दरवाढीच्या टक्केवारीपाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. घरगुती ग्राहकाचा दर किती वाढला, उद्योगांना कितपत दिलासा मिळाला, शेतीपंपांच्या थकबाकीचे काय झाले, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. तथापि वीजदराचा मोठा भाग दर ठरण्याच्या कितीतरी आधी निश्चित झालेला असतो. कोणते इंधन वापरायचे, किती क्षमतेचा प्रकल्प उभारायचा, वीज घेतली नाही तरी किती पैसे द्यायचे आणि चलनाच्या चढउताराचा भार कोणी सोसायचा, हे सर्व वीजखरेदी करारात ठरते. नियामक आयोगापुढे पुढे येतो तो या निर्णयांचा हिशेब.

हा भेद समजून घेण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याइतके उपयुक्त क्षेत्र राज्यात क्वचितच सापडेल. गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्प, रत्नागिरी तालुक्यातील जयगड येथील औष्णिक केंद्र आणि राजापूर तालुक्यातील प्रस्तावित जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प या तिन्हींचा काळ वेगळा, इंधन वेगळे आणि ज्या कायदेशीर चौकटीत त्यांचे निर्णय झाले ती चौकटही वेगळी. या तिन्हींच्या आधारे, नियमन नेमके कोणत्या टप्प्यावर अस्तित्वात येते आणि कोणत्या टप्प्यावर अनुपस्थित असते, याची चिकित्सा येथे केली आहे.

दाभोळ : नियामकापूर्वीचा करार

एन्रॉन कंपनी व महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ यांच्यात २० जून १९९२ रोजी सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा काढण्यात आल्या नव्हत्या. प्रकल्पासाठी कर्ज देण्याच्या प्रश्नावर जागतिक बँकेने १९९३ मध्ये प्रतिकूल मत दिले. आयात द्रवरूप नैसर्गिक वायूवर सतत चालणारा एवढा मोठा प्रकल्प राज्याच्या गरजेशी सुसंगत नाही आणि त्यामुळे कोळशावरील स्वस्त वीज बाजूला सारावी लागेल, असा त्या मताचा आशय होता. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदी करार झाला. राज्य शासनाची हमी, तिच्यामागे केंद्राची प्रतिहमी आणि पुढे एस्क्रो खाते, अशी संरक्षणाची साखळी कंपनीभोवती उभी राहिली.

१९९५ मध्ये सत्तांतर झाले. गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीच्या अहवालानंतर ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द करण्याचा निर्णय जाहीर झाला. परंतु काही महिन्यांतच फेरवाटाघाटी होऊन १९९६ मध्ये तोच प्रकल्प वाढीव म्हणजे २१८४ मेगावॅट क्षमतेने पुनरुज्जीवित झाला. पहिला, ७४० मेगावॅटचा टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. दर द्विभागी होता. इंधनाचा खर्च वेगळा आणि क्षमतेपोटीचा स्थिर आकार वेगळा. प्रकल्प वीज देण्यास सज्ज असला की मंडळाने वीज उचलो वा न उचलो, स्थिर आकार देणे बंधनकारक होते. देयके डॉलरशी निगडित असल्याने रुपयाच्या अवमूल्यनाचा भारही मंडळावरच पडला.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची स्थापना ५ ऑगस्ट १९९९ रोजी, म्हणजे दाभोळची वीज सुरू झाल्यानंतर झाली. हा कालक्रम पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे. आयोग स्वस्त वीज आधी घेण्याचा क्रम घालून देऊ शकत होता. मात्र त्या क्रमाने दाभोळची महाग वीज मागे पडली तरी तिचा स्थिर आकार मागे पडत नव्हता. नोव्हेंबर २००० पासून देयके थकू लागली, मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतील मूळ कंपनीनेच दिवाळखोरी जाहीर केली.

गोडबोले समितीचे निदान

माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील ऊर्जा पुनर्विलोकन समितीने एप्रिल २००१ मध्ये अहवाल दिला. या अहवालाचे मोल असे की त्याने दोष एका पक्षाच्या वा एका मंत्र्याच्या माथी मारून विषय संपविला नाही. वेगवेगळ्या सरकारांच्या काळात, राज्य व केंद्र अशा दोन्ही पातळ्यांवर कारभाराची यंत्रणाच कशी अपयशी ठरली, हे त्याने मांडले. मागणीचे फुगविलेले अंदाज, पर्यायांची न झालेली तुलना आणि मंडळाच्या आर्थिक कुवतीचा न केलेला विचार या गोष्टी त्यामुळे सार्वजनिक दस्तऐवजात नोंदल्या गेल्या. पुण्याच्या प्रयास संस्थेने नव्वदच्या दशकात केलेल्या विश्लेषणाला शासकीय पातळीवरून मिळालेली ती एक प्रकारची पुष्टीच होती.

मात्र या निदानातून सार्वजनिक चर्चेने जो धडा घेतला तो अपुरा होता. राजकीय हस्तक्षेप दूर करून निर्णय स्वतंत्र नियामकाकडे सोपविले की दाभोळची पुनरावृत्ती टळेल, असा एक समज रूढ झाला. १० जून २००३ पासून अंमलात आलेल्या विद्युत कायद्याने आणि ६ जून २००५ रोजी झालेल्या मंडळाच्या विभाजनाने या समजाला संस्थात्मक रूप दिले. हस्तक्षेपाला आळा बसणे आवश्यक होतेच. परंतु नियामकाच्या कक्षेत नेमका कोणता निर्णय येतो आणि कोणता निसटतो, हा प्रश्न त्या उत्साहात मागे पडला. ज्यांनी करार केले त्यांचे उत्तरदायित्वही निश्चित झाले नाही. राज्य शासनाच्या भूमिकेपुरते सर्वोच्च न्यायालयापुढे १९९७ पासून प्रलंबित असलेले प्रकरण २०१९ मध्ये, फार काळ लोटल्याच्या कारणास्तव, बंद करण्यात आले.

दुसऱ्यांदा तोच स्थिर आकार

२००५ मध्ये दाभोळचा प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे आला. एनटीपीसी, गेल, वित्तसंस्था आणि राज्याची धारक कंपनी हे तिचे भागधारक. परदेशी कंपनी गेली, डॉलरमधील हमी गेली, दोन्ही बाजूंना सार्वजनिक उपक्रम आले आणि नियामक आयोगही अस्तित्वात होते. दाभोळचा दोष केवळ एन्रॉनमध्ये असता, तर तो येथे संपावयास हवा होता.

प्रत्यक्षात तसे घडले नाही. २०११ पासून कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील देशी वायूचा पुरवठा घटत गेला. कंपनीने आयात वायूच्या आधारे आपली क्षमता उपलब्ध असल्याचे घोषित केले. अशा महाग इंधनाला आपली संमती नव्हती, या भूमिकेवरून महावितरणने ती वीज घेण्यास व तिचा स्थिर आकार देण्यास नकार दिला. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने २०१३ मध्ये कंपनीच्या बाजूने निर्णय दिला, अपिलीय न्यायाधिकरणाने तो कायम केला आणि ९ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महावितरणचे अपील फेटाळले. घोषित क्षमतेचा स्थिर आकार देणे करारानुसार बंधनकारक ठरले.

करारातील शब्दांच्या आधारे पाहता हा निर्णय तर्कशुद्ध आहे. नियामकाने वा न्यायालयाने करार नव्याने लिहावा, अशी अपेक्षा करता येत नाही. म्हणूनच या प्रकरणाचा बोध अधिक गंभीर आहे. न घेतलेल्या विजेचे पैसे देण्याचा प्रश्न १९९३ च्या करारात होता आणि २००७ च्या करारातही राहिला. पहिल्या खेपेस नियामक नव्हता. दुसऱ्या खेपेस नियामक होता, परंतु त्याच्यासमोर आला तो अर्थ लावण्यासाठीचा करार. इंधनाच्या अनिश्चिततेची जोखीम कोणी घ्यावी, हे त्यापूर्वीच ठरून गेले होते.

जयगड आणि जैतापूर

जयगडचे १२०० मेगावॅटचे केंद्र खाजगी क्षेत्रातील असून ते आयात कोळशावर चालते. त्याचे चार संच २०१०-११ मध्ये सुरू झाले आणि त्यातील ३०० मेगावॅट वीज महावितरणने स्पर्धात्मक निविदेद्वारे दीर्घ मुदतीसाठी घेतली. विद्युत कायद्याच्या कलम ६३ नुसार, पारदर्शक स्पर्धेतून निघालेला दर आयोग स्वीकारतो. दाभोळशी तुलना करता ही निश्चितच प्रगती होय, कारण येथे किंमत बंद खोलीत ठरली नाही आणि प्रकल्पाच्या उरलेल्या क्षमतेची जोखीम ग्राहकांवर आली नाही. परंतु स्पर्धेने किंमत तपासली जाते, स्थळ तपासले जात नाही. आंबा बागायतदारांनी घेतलेले आक्षेप, खाडीवरील मच्छीमारांची उपजीविका आणि किनाऱ्याची धारणक्षमता यांचा विचार पर्यावरण मंजुरीच्या स्वतंत्र वाटेने झाला. त्यांचे मूल्य वीजदराच्या हिशेबात कोठेही उमटत नाही.

जैतापूरबाबत परिस्थिती याहून निराळी आहे. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे ९९०० मेगावॅटचा हा प्रस्ताव. त्यास नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. त्याच सुमारास माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीकडे रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील खाणी व वीज प्रकल्पांविषयी शिफारसी करण्याचे काम होते. एप्रिल २०११ मध्ये आंदोलनावरील गोळीबारात एक बळी गेला. ज्या अणुऊर्जा कायदा, १९६२ च्या चौकटीत या प्रकल्पाची आखणी झाली, त्यात अणुविजेचा दर ठरविण्याचा अधिकार केंद्रीय विद्युत प्राधिकरणाशी विचारविनिमय करून केंद्र सरकारनेच वापरावयाचा होता. वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावणीला त्यात स्थान नव्हते.

ही उणीव केवळ तात्त्विक नाही. याच प्रकारच्या अणुभट्टीचे बांधकाम फिनलंडमधील ओल्किलुओतो येथे २००५ मध्ये सुरू झाले आणि नियमित वीजनिर्मिती २०२३ मध्ये झाली. फ्रान्समधील फ्लामांव्हिल येथे २००७ मध्ये सुरू झालेले काम डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्याशी जोडले गेले आणि मूळ ३.३ अब्ज युरोंचा अंदाज तिपटीहून अधिक झाला. अशा तंत्रज्ञानाचा खर्च महाराष्ट्रातील ग्राहकाच्या देयकात कसा उतरेल, हा प्रश्न बांधकाम सुरू होण्यापूर्वीच विचारला जाणे अगत्याचे आहे.

जाहीर सुनावणीचे सामर्थ्य व मर्यादा

नियमनाने काहीच साधले नाही, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. आयोगाचा ५ मे २००० चा पहिला वीजदर आदेश जाहीर सुनावणीतून आला. शेतीपंपांच्या नावावर दाखविलेल्या वापरात बरीचशी गळती व चोरी दडलेली आहे आणि एकूण गळती तीस टक्क्यांच्या वर आहे, हे या प्रक्रियेतून उजेडात आले. मंडळाचे हिशेब ग्राहकांसमोर उघडे होण्याची ती सुरुवात होती.

तथापि सुनावणीचे सामर्थ्य ती केव्हा व कोठे होते यावर अवलंबून असते. महावितरणच्या दरनिश्चितीच्या सुनावण्या सामान्यतः महसुली विभागांच्या ठिकाणी होतात. कोकणासाठी ते ठिकाण नवी मुंबई आहे. वीज निर्माण करणाऱ्या जिल्ह्यातील ग्राहकाला आपले म्हणणे मांडण्यासाठी काही शे किलोमीटर जावे लागावे, हा विरोधाभास आहे. ऑनलाइन सहभागाने तो काहीसा सौम्य झाला इतकेच.

२०२५ मधील घटनाक्रम याहून बोलका आहे. महावितरणच्या पाच वर्षांच्या दरांविषयीचा आदेश आयोगाने २८ मार्च २०२५ रोजी, सुनावण्यांनंतर दिला. काही दिवसांतच त्यास स्थगिती मिळाली आणि महावितरणच्या पुनर्विलोकन याचिकेवर २५ जून २०२५ रोजी सुधारित आदेश आला. दर बदलताना ग्राहकांना पुन्हा जाहीरपणे ऐकले गेले नाही, हा आक्षेप न्यायालयापर्यंत गेला. सुनावणी हा आदेशाचा आधार असेल, तर तो आधार बदलताना तीच सुनावणी औपचारिकता ठरू नये, ही अपेक्षा रास्त आहे.

येऊ घातलेले निर्णय

२०२२ चे विद्युत (सुधारणा) विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. समांतर परवान्याच्या कल्पनेविरुद्ध महाराष्ट्रातील वीज कर्मचाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये संप केला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने नवा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. खर्चाशी सुसंगत दर, एकाच जाळ्यावर अनेक वितरक आणि काही गटांवरील क्रॉस सबसिडीचा भार पाच वर्षांत संपविणे, हे त्याचे ठळक विषय आहेत. मोठे ग्राहक अन्यत्र जाऊ लागले, तर जुन्या करारांचे स्थिर आकार उरलेल्या ग्राहकांवरच विभागले जातील. कोकणात विखुरलेल्या वाड्या, डोंगराळ भाग आणि वादळांनी वारंवार कोलमडणारे खांब यांमुळे पुरवठ्याचा खर्च मुळातच अधिक आहे. निसर्ग व तौक्ते या वादळांनी २०२० व २०२१ मध्ये ते दाखवून दिले. अशा भागात खर्चाशी सुसंगत दर म्हणजे काय, याचे उत्तर मसुद्याच्या चर्चेत मिळावयास हवे.

दुसरीकडे आयोगाने २०२४ मध्ये संसाधन पर्याप्ततेची विनियमावली केली. वितरण कंपनीने भविष्यातील मागणीचा अंदाज व ती भागविण्याची योजना आयोगापुढे मांडावी, हे तिचे सूत्र आहे. करारापूर्वीचा प्रश्न नियामकाच्या कक्षेत आणणारे साधन म्हणून तिच्याकडे पाहता येते. त्या योजनेवर खुली सुनावणी झाली, तरच ते साधन उपयोगी ठरेल.

निष्कर्ष

करारानंतर गुंतवणूकदाराला स्थैर्य हवे, हा युक्तिवाद मान्य केला तरी त्यातूनच करारापूर्वीच्या छाननीची निकड सिद्ध होते. नंतर बदलता येणार नाही, ते आधी तपासले गेले पाहिजे. या दृष्टीने तीन गोष्टी आवश्यक वाटतात. दीर्घ मुदतीच्या प्रत्येक खरेदीपूर्वी मागणीच्या अंदाजाची व पर्यायांची जाहीर तपासणी व्हावी. इंधन, चलन व विलंब यांची जोखीम कोणाकडे आहे, हे सामान्य ग्राहकाला कळेल अशा भाषेत करारासोबत प्रसिद्ध व्हावे. अणुविजेसह कोणत्याही स्रोताला दरछाननीतून सूट नसावी, आणि ज्या जिल्ह्यात प्रकल्प उभा राहणार, त्या जिल्ह्यात किमान एक सुनावणी व्हावी.

दाभोळच्या चिमण्या आजही गुहागरच्या किनाऱ्यावर उभ्या आहेत. त्यांच्यासाठी दिला गेलेला पैसा वसूल होणे आता शक्य नाही. पुढील करारावर सही होण्यापूर्वी त्याची प्रत लोकांच्या हाती पडावी, एवढा तरी धडा त्यातून घेतला जाणे अजून शक्य आहे.