‘ध’, ‘मा’ आणि एक घोरपड

मराठीत यमकावरचं सगळ्यात खपाऊ पुस्तक कोणतं, असं कुणी विचारलं तर विद्वान मंडळी घसा खाकरून ‘छंदोरचना’ असं उत्तर देतील. साफ चूक. ते पुस्तक एस्टी स्टँडवरच्या दुकानात, पंचांग आणि लोणच्या-मुरंब्यांचं पुस्तक यांच्या मधोमध, चिमटा लावून दोरीवर टांगलेलं असतं. त्यात उखाणे असतात. लेखकाचं नाव बहुधा नसतं, आणि असलं तरी ते वाचायला कुणी थांबत नाही, कारण लग्नाचं वऱ्हाड खोळंबलेलं असतं.

या वाङ्मयाचं परीक्षण कुणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून थोडक्यात मीच करतो. उखाण्याच्या पहिल्या ओळीत चांदीचं ताट, दारातली तुळस नाहीतर महादेवाची पिंड येते. दुसऱ्या ओळीत नवरा येतो. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, हे विचारायचं नसतं; ते यमक बघून घेतं. खरी करामत पुढेच आहे. यमक असतं ओळीच्या शेवटी आणि नवऱ्याचं नाव असतं मध्ये. त्यामुळे तिथे दत्तात्रय बसवा, पुरुषोत्तम बसवा, यमकाच्या केसालाही धक्का लागत नाही. छापील पुस्तकात त्या जागी नुसती टिंबं असतात. हे शास्त्र मी आमच्या हिला समजावून सांगितलं तेव्हा भाजी चिरता चिरताच ती म्हणाली, “मग त्यात नवीन काय? आम्ही जन्मभर टिंबंच भरतोय.”

तर यमकाचा हा स्वभाव आहे. ओळखदेख नसलेल्या दोन गोष्टींची ते गाठ मारतं आणि एकदा मारलेली गाठ ब्रह्मदेवाच्या बापालाही सुटत नाही. फक्त गाठ मारताना गोष्ट खरी आहे की खोटी, याची चौकशी ते करत नाही. यमक-छंदांवरच्या पुस्तकांनी वाचकाला आधी हे बजावायला हवं. पण ही पुस्तकं बहुतेक शिंप्याच्या वळणावर गेलेली. गळ्याभोवती टेप टाकून मापं घेत बसतात.

‘छंदोरचना’ हा या मापांचा महाग्रंथ. माधवराव पटवर्धन, म्हणजेच माधव ज्यूलियन, यांनी तो 1927 साली काढला आणि 1937 साली पुन्हा भरपूर वाढवून काढला. छंद, जाति आणि वृत्त अशा तीन कप्प्यांत त्यांनी सगळं मराठी पद्य नीट घड्या घालून ठेवलं. माणूस मोठा होता. फार्शीचा प्राध्यापक, फार्शी-मराठी कोशाचा कर्ता, मराठीत गझल रुजवणारा. आणि नंतर त्यानेच ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून स्वतःच्या कवितांतले फार्शी शब्द वेचून बाहेर काढायला घेतले. ओळीच्या शेवटी असलेला शब्द काढला की त्याच्या जोडीदाराचंही बिऱ्हाड उठतं, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत असणार? तरी काढले. अशा माणसाबद्दल मला आदर आहे आणि थोडी भीतीही आहे.

मी ‘छंदोरचना’ वाचतो ती वृत्तांच्या नावांसाठी. शार्दूलविक्रीडित म्हणजे वाघाचा खेळ. अक्षरं 19, आणि बाराव्या अक्षरापाशी वाघ जरा दम खातो. भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल. अक्षरं 12, त्यांचे चार ‘यगण’. यगण म्हणजे एक आखूड अक्षर आणि पाठोपाठ दोन लांब. वाचकहो, हा यगण कृपा करून ध्यानात ठेवा. पुढे एका खुनाच्या तपासात तो लागणार आहे. एरवी या ग्रंथाबद्दल माझी तक्रार एकच. साप कसा चालतो हे तो अगदी तोळामाशासकट सांगतो, पण साप निघाला कुठे आणि चावला कुणाला, हे सांगत नाही. त्या काळच्या कवींना कोण कुणाला चावतंय ते ‘झेंडूची फुले’मधून अत्र्यांनी सांगितलं, पण ते शास्त्र म्हणून धरायची पद्धत नाही.

मुळात ‘यमक’ हा शब्दच आपण जरा वाकवून घेतला आहे. संस्कृत अलंकारशास्त्रात तीच अक्षरं पुन्हा आली आणि अर्थ मात्र निराळा निघाला, की त्याला यमक म्हणतात. ते ओळीत कुठेही येऊ शकतं. आपण मराठी माणसांनी त्याला ओळीच्या शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं. ज्ञानेश्वरीतली ओवी पहिल्या तीन चरणांत यमक जुळवते आणि चौथा मोकळा सोडून देते. तीन पायऱ्या चढून अंगणात आल्यासारखं वाटतं. मोठ्या अभंगात दुसऱ्या-तिसऱ्या चरणांची गळाभेट होते आणि चौथा आखूड चरण टाळ वाजवून मोकळा होतो. ही सगळी कानाने तोललेली मापं. जातं ओढताना, टाळ धरताना आपोआप बसलेली.

मग पंडित कवी आले आणि मापाला हट्टाची जोड मिळाली. वामन पंडितांना तर लोकांनी ‘यमक्या वामन’ अशी पदवीच देऊन टाकली. मोरोपंतांनी बारामतीला बसून 108 रामायणं रचली म्हणतात. त्यातलं एक ‘निरोष्ठ’, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणायचं. ‘म’ हे ओठांचं अक्षर. तेव्हा नियमाप्रमाणे त्या रामायणात ‘राम’ हे नावच येऊ शकत नाही! पंतांच्या आर्यांबद्दल लोक भरभरून बोलतात. छंदःशास्त्री सांगतात, त्या आर्यांतल्या बऱ्याचशा मुळी ‘गीति’ आहेत. असोत. पंतांचं यमक मोठं ऐटबाज, चार चार अक्षरांची शेपटी हलवत येणारं. पण माझा प्रामाणिक अनुभव सांगतो. पंतांच्या आर्येतलं यमक कानात राहतं, आणि त्या यमकासाठी पंतांनी कुणाला कुठून कुठे धाडलं, ते विसरायला होतं. सनईवाला लक्षात राहावा आणि लग्न कुणाचं ते विसरावं, तसं.

लग्न लक्षात ठेवायचं काम शाहिरांनी केलं. आणि म्हणून, माझं मत विचाराल तर, यमकावरची मराठीतली सर्वांत चांगली पुस्तकं छंदःशास्त्राच्या कपाटात नाहीत. ती पोवाड्यांच्या संग्रहांत आहेत. 1891 साली अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पुरुषांचे आणि स्त्रियांचे पोवाडे गोळा करून छापले. हा अ‍ॅक्वर्थ म्हणजे मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याच्या कुष्ठरोगी रुग्णालयाला ज्याचं नाव आहे तोच. गटारं, पाणीपट्टी आणि महारोगी सांभाळून या साहेबाला गोंधळ्यांच्या कवनांची काळजी वाटली, याचं मला अजून नवल वाटतं. पुढे 1928 पासून य. न. केळकरांनी ‘ऐतिहासिक पोवाडे’ काढले आणि त्याला जोडनाव दिलं, ‘मराठ्यांचा काव्यमय इतिहास’. या नावातला कोणता शब्द कुणावर मात करतो, हा खरा प्रश्न.

पोवाडे ओळीने वाचत गेलं की एक गंमत लक्षात येते. शाहिराला यमकासाठी डोकं खाजवावंच लागत नाही. आला, गेला, केला, मेला! चार क्रियापदांत पराक्रमी पुरुषाचं अख्खं चरित्र संपतं आणि चारही ओळी आपोआप जुळतात. मराठीचा भूतकाळ जन्मतःच सयमक आहे. पंतांना असली फुकटची यमकं कमीपणाची वाटली असती. पण डफावर थाप मारून, समोरच्या हजार माणसांना रात्री दोन वाजता जागं ठेवणाऱ्या माणसाला हीच उपयोगाची. माणूस घरी गेला तरी शेवटचं अक्षर त्याच्या कानात घुमत राहतं, आणि त्या अक्षराला धरून मागची अख्खी ओळ चालत येते.

त्याच ओळीला धरून एक घोरपडही चढून आली.

तुळशीदास शाहिराच्या सिंहगडाच्या पोवाड्यातली यशवंती घोरपड कुणाला ठाऊक नाही? तानाजीने तिला दोर बांधून कड्यावर सोडलं आणि मावळे वर चढले. आता सभासदाची बखर काढा. ती 1697 च्या सुमाराची, म्हणजे 1670 च्या त्या रात्रीपासून एका पिढीच्या आतली. तिथे मावळे माकडांसारखे कडा चढून जातात, घोरपड नाही. तानाजी पडल्यावरच गडाला ‘सिंह’गड नाव मिळालं म्हणावं, तर ते नाव 1663 मधल्या पत्रात आधीच येऊन बसलेलं आहे.

हे सगळं मी माझ्या पुतण्याला सांगितलं. वय वर्षे अकरा. त्याने विचारलं, “काका, मग घोरपड खोटी?” मी म्हटलं, “पोवाड्यात खरी, गडावर नाही.” तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पण मग नुसत्या हातांनी चढले? रात्री? मग तर जास्तच भारी!” मी त्याच्याकडे बघतच राहिलो. घोरपडीने तीनशे वर्षं त्या मावळ्यांचं श्रेय दोराला बांधून ठेवलं होतं, हे एवढ्याशा पोराला कळलं. केळकरांच्या संग्रहाची थोरवी मला इथे वाटते. पोवाडा जसा गायला जातो तसा ते देतात आणि इतिहास टिपांत सांगतात. दोघांना एका ताटात कालवत नाहीत. आमच्या वाचनालयातल्या प्रतीत पोवाड्यांची पानं हाताळून मऊ झालेली आहेत. टिपांची अजून करकरीत आहेत.

घोरपडीने निदान कुणाचं वाईट केलं नाही. आता खुनाकडे येतो.

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आख्यायिका अशी की राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या कागदावर ‘धरावे’ असं होतं. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘मारावे’ झालं. आता कानाने ऐका. धरावे, मारावे. मराठी इतिहासातलं सर्वांत सोपं आणि सर्वांत महाग यमक! समजा, मूळ शब्द ‘पकडावे’ असता आणि त्याचा ‘ठार करावे’ झाला असता, तर ही गोष्ट पुण्याच्या वेशीबाहेरसुद्धा गेली नसती. एक अक्षर बदललं, बाकी शेपूट तेच राहिलं, म्हणून ती पोराटोरांना पाठ झाली, भाषेत वाक्प्रचार होऊन बसली. रामशास्त्र्यांनी दोष राघोबादादांवर ठेवला. पण तो निवाडा गद्यात होता. गद्य कोण पाठ करतो?

आणि आता तो यगण काढा. ‘धरावे’: एक आखूड, दोन लांब. चोख यगण. चार वेळा म्हणा, भुजंगप्रयाताचा चरण होतो. ‘मारावे’: तिन्ही लांब, हा झाला मगण. म्हणजे यमक जुळलं तरी चाल मोडली! सुमेरसिंग गारद्याला गण येत असते तर कागद हातात पडताच तो म्हणाला असता, “सरकार, इथे एक मात्रा जास्त होते, लबाडी दिसते.” पण गारद्यांच्या भरतीत छंदःशास्त्र विचारत नसावेत.

थट्टा बाजूला ठेवली तरी मनात एक काटा राहतोच. तो फेरफार केलेला कागद काही कुणी आपल्यापुढे ठेवलेला नाही. ही आख्यायिका चालायला बाईला लिहिता येणं आवश्यक. तेव्हा अठराव्या शतकातल्या एका लिहित्या बाईचं आपल्याला माहीत असलेलं हस्ताक्षर म्हणजे एवढं एक ‘मा’, आणि तेही न पाहिलेलं. यमक-वृत्तांच्या आपल्या इतक्या ग्रंथांत शब्दालंकार आहेत, अर्थालंकार आहेत, दोषप्रकरणं आहेत. यतिभंग हा दोष मोजतात. यमकाने माणसावर आळ घेतला, तर तो दोष कोणत्या प्रकरणात घालायचा? माधवरावांनी तिसरी आवृत्ती काढली असती तर मी पत्र लिहून विचारलं असतं. पण ते 1939 सालीच गेले.

परवा हे सगळं मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिरस्तेदारांना ऐकवलं. हयात कोर्टात गेलेली. कवितेशी संबंध फक्त आरतीपुरता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “खाडाखोडीवर बाजूला सही होती का?”

“अहो, कागदच नाही!”

“मग ही केस अडीचशे वर्षं बोर्डावर राहिली कशी?” असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि ते दूध आणायला गेले.