उंदराला न झालेला आजार

रोगाचे जनुक सापडले, तेच उंदरात बिघडवले, उंदराला तोच रोग झाला, मग औषध शोधले. जनुकबदल केलेल्या उंदरांविषयी अशी सुटसुटीत गोष्ट वारंवार सांगितली जाते. ज्या तंत्रामुळे हे उंदीर तयार करता आले, त्यासाठी मारिओ कॅपेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते योग्यच होते. आमचा आक्षेप तंत्राला नाही, या गोष्टीला आहे.

तंत्र थोडक्यात असे. उंदराच्या अगदी कोवळ्या गर्भातील मूळपेशी बशीत वाढवतात. त्यांत बिघडवलेले जनुक सोडतात. फार थोड्या पेशींत ते मूळ जनुकाची जागा घेते. तेवढ्याच पेशी निवडून दुसऱ्या गर्भात घालतात. जन्मणारी पिल्ले मिश्र पेशींची असतात. त्यांच्या पुढच्या पिढ्यांतून जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेला उंदीर मिळतो.

आता 'सिस्टिक फायब्रोसिस' हा आनुवंशिक आजार घेऊ. यात क्लोराइड आयनांना पेशीबाहेर वाट देणारे प्रथिन बिघडते. फुप्फुसांत चिकट कफ साठतो, जंतुसंसर्ग वारंवार होतो आणि बहुतेक रुग्ण त्यानेच दगावतात. जनुक १९८९ मध्ये सापडले. १९९२ मध्ये ते निकामी केलेले उंदीर तयार झाले. त्यांपैकी बरेच आतडी तुंबून मेले. फुप्फुसे मात्र जवळजवळ धडधाकट राहिली!

असे का व्हावे? २०१६ मध्ये याचे एक उत्तर पुढे आले. माणसाच्या श्वासमार्गातील पेशी तेथील द्रवात आम्ल सोडतात. हे प्रथिन बायकार्बोनेटही बाहेर सोडून त्याचा तोल राखते. ते बिघडले की द्रव आम्लधर्मी होतो आणि त्याची जंतू मारण्याची शक्ती घटते. उंदराच्या श्वासमार्गात असे आम्ल फारसे सोडलेच जात नाही. डुकराच्या मात्र सोडले जाते. २००८ मध्ये हेच जनुक निकामी केलेली डुकरे जन्मली आणि काही महिन्यांत त्यांना माणसासारखा फुप्फुसांचा आजार झाला. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले 'आयव्हाकॅफ्टर' हे औषध शोधताना तर रुग्णांच्या श्वासमार्गातील पेशींवरच्या चाचण्या मोलाच्या ठरल्या.

म्हणजे उंदीर वाया गेले का? मुळीच नाही. एकच बिघाड दोन प्राण्यांत वेगळा का वागतो, हा मोलाचा प्रश्न त्यांनीच उभा केला. पण सुटसुटीत गोष्टीत नेमका हाच प्रश्न गळून पडतो. मग 'अमुक रोगावर उपाय सापडला' अशा मथळ्यातून 'उंदरांमध्ये' हा शब्दही गळतो आणि आजारी मुलाचे आईवडील उगाच आशेला लागतात.

म्हणून शिक्षकांना आमची विनंती आहे. अशी बातमी वर्गात आली की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावा: कोणते जनुक बदलले? उंदरात माणसासारखे काय घडले? आणि काय घडले नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बातमीत नसेल, तर ती बातमी अपुरी आहे.