समवर्ती प्रोग्रामांतील रेफरन्स काउंटिंग : साठ वर्षांचा आढावा

रेफरन्स काउंटिंग म्हणजे मेमरीतली एखादी वस्तू सध्या कितीजण वापरत आहेत याचा आकडा त्या वस्तूजवळच ठेवण्याची पद्धत. नवा वापरकर्ता आला की आकडा एकाने वाढतो, गेला की एकाने घटतो, आणि शून्य झाला की वस्तूची मेमरी परत दिली जाते. नियम घरच्यासारखाच आहे : शेवटी बाहेर पडणाऱ्याने कुलूप लावायचे. प्रोग्राम एकाच थ्रेडवर चालत असेल तर या नियमात फारसे काही बिघडत नाही. अनेक थ्रेड एकाच वेळी ये-जा करू लागले की मात्र ‘शेवटचा कोण’ हे ठरवणेच अवघड होऊन बसते.

हा प्रश्न फक्त प्रयोगशाळांपुरता नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या बाजारपेठेत कोणी अँड्रॉइड फोनवरून पैसे देते, तेव्हा पेमेंटचे ॲप फोनमधल्या इतर सेवांशी ‘बाइंडर’ या यंत्रणेतून बोलते. बाइंडरचा गाभा लिनक्स कर्नलमध्ये आहे. तिथे प्रत्येक नोडसाठी ‘स्ट्राँग’ आणि ‘वीक’ असे दोन प्रकारचे काउंट ठेवले जातात. काउंट प्रत्यक्षापेक्षा एकाने जास्त राहिला, तर मेमरी अडकून पडते. एकाने कमी झाला, तर वस्तू वापरात असतानाच तिची मेमरी दुसऱ्याला दिली जाते. या दुसऱ्या चुकीला ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात. हल्लेखोरांना हवी असते ती हीच.

ही पद्धत जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० मध्ये मांडली. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांचा लिस्पवरचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यात गार्बेज कलेक्शनची कल्पना होती. दोन्ही मार्गांची तुलना तेव्हापासून सुरू आहे. काउंटिंगमध्ये वस्तू निरुपयोगी होताच मोकळी होते, मध्येच प्रोग्राम थांबवावा लागत नाही, आणि संपूर्ण मेमरीची माहिती असलेली वेगळी यंत्रणा लागत नाही. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम, ड्रायव्हर, डेटाबेस यांनी तिलाच पसंती दिली. तिच्या मर्यादाही लवकर उघड झाल्या. दोन वस्तू एकमेकींना धरून बसल्या तर दोघींचे काउंट कधीच शून्य होत नाहीत. शिवाय प्रत्येक पॉइंटर हलवताना आकडा बदलावा लागतो. हा खर्च कमी करण्यासाठी पीटर डॉइच आणि डॅनियल बोब्रो यांनी १९७६ मध्ये मोजणी लांबणीवर टाकण्याची युक्ती सुचवली : स्थानिक व्हेरिएबलमधले पॉइंटर लगेच मोजायचे नाहीत, नंतर एकदम हिशेब करायचा. आजच्या वेगवान पद्धतींपैकी बऱ्याच याच विचारातून आलेल्या आहेत.

समवर्ती प्रोग्रामांत दोन वेगळे प्रश्न उभे राहतात आणि चर्चेत त्यांची अनेकदा सरमिसळ होते. पहिला प्रश्न आकडा अचूक ठेवण्याचा. दोन थ्रेडांनी एकाच वेळी पाच हा आकडा वाचून दोघांनीही सहा लिहिले, तर एक नोंद हरवते. प्रोसेसरच्या ॲटॉमिक सूचना वापरल्या की हा प्रश्न सुटतो. त्यात क्रमाचा एक बारकावा आहे. काउंट वाढवताना इतर मेमरीच्या क्रमाची हमी लागत नाही. घटवताना मात्र ‘रिलीज’ची हमी लागते आणि शेवटच्या थ्रेडने मेमरी मोकळी करण्याआधी ‘ॲक्वायर’ची. ती नसेल, तर दुसऱ्या थ्रेडने त्या वस्तूवर केलेले शेवटचे काम पूर्ण झालेले दिसण्याआधीच ती नष्ट होऊ शकते. हे नियम आता पक्के झाले असून पाठ्यपुस्तकांतही आले आहेत.

दुसरा प्रश्न खरा अवघड. अ थ्रेड एका सामायिक जागेतून पॉइंटर वाचतो. त्या पॉइंटरच्या वस्तूचा काउंट एक आहे. अ तो वाढवणार, एवढ्यात ब थ्रेड त्या जागी दुसरा पॉइंटर लिहितो, जुन्या वस्तूचा काउंट शून्यावर आणतो आणि मेमरी परत देतो. मग अ पुढे सरकतो आणि काउंट वाढवतो, पण आता तिथे काउंट राहिलेलाच नाही. कदाचित कोणा दुसऱ्याचा डेटा आहे. वाढवण्याची सूचना ॲटॉमिक असून काही उपयोग नाही, कारण धोका त्या सूचनेच्या आधीच्या फटीत आहे. पॉइंटर वाचणे आणि वस्तूवर हक्क नोंदवणे या दोन पायऱ्यांमधली ही फट कशी बुजवायची, हाच या क्षेत्राचा मध्यवर्ती प्रश्न आहे. कोणतीही पद्धत तपासताना तिने या फटीचे काय केले, हे आधी पाहावे.

सर्वांत साधे उत्तर लॉक. वाचणे आणि वाढवणे एकाच लॉकखाली केले की फट राहत नाही. चुकीची शक्यता कमी असलेला हा मार्ग मध्यम गर्दीच्या ठिकाणी आजही योग्य आहे. लॉकशिवाय उत्तर देण्याचा गाजलेला प्रयत्न जॉन व्हॅलोइस यांनी १९९५ मध्ये केला. त्यातल्या चुका त्याच वर्षी मॅगेड मायकल आणि मायकल स्कॉट यांनी दाखवून दुरुस्त केल्या. त्या पद्धतीत मोकळ्या झालेल्या वस्तूवरही काउंट वाढवला जाऊ शकतो, म्हणून ती मेमरी दुसऱ्या कामासाठी कधी देताच येत नाही. २००१ मध्ये डेटलेफ्स, मार्टिन, मॉयर आणि स्टील यांनी पॉइंटर तपासणे आणि काउंट वाढवणे एकाच सूचनेत साधणारी रचना मांडली. तर्क निर्दोष होता, पण दोन वेगळ्या जागा एकदम बदलणारी ती सूचना प्रचलित प्रोसेसरांत नाही.

वाट सापडली ती प्रश्न उलटा केल्यावर. वाचणाऱ्याने काउंट वाढवायचाच नाही. आपण वाचत आहोत एवढे त्याने कळवायचे आणि मोकळे करणाऱ्याने थांबायचे. मॅगेड मायकल यांच्या ‘हॅझर्ड पॉइंटर’ पद्धतीत (२००२, विस्तारित रूपात २००४) प्रत्येक थ्रेड आपण सध्या वापरत असलेला पॉइंटर जाहीर करतो आणि तो अजून तिथेच आहे ना, हे पुन्हा तपासतो. मोकळे करू पाहणारा ती यादी पाहूनच पुढे जातो. पॉल मॅकेनी यांनी घडवलेल्या ‘आरसीयू’त वाचणाऱ्याला याहूनही कमी काम असते. लेखकाने जुनी आवृत्ती बाजूला काढायची आणि त्या क्षणी वाचत असलेले सर्वजण बाहेर पडेपर्यंत वाट पाहायची. ऑक्टोबर २००२ मध्ये आरसीयू लिनक्सच्या २.५.४३ आवृत्तीत आले. त्या कामात भारतातल्या आयबीएमच्या दीपंकर सर्मा यांचा मोठा वाटा होता. कीर फ्रेझर यांनी २००४ च्या प्रबंधात मांडलेली ‘इपॉक’ पद्धतही याच कुळातली.

या पद्धतींना रेफरन्स काउंटिंगच्या प्रतिस्पर्धी मानणे बरोबर नाही. कर्नलमध्ये त्या जोडीने चालतात. आरसीयूच्या आश्रयाने पॉइंटर वाचायचा, त्यामुळे मेमरी जागेवर राहील याची खात्री होते. मग काउंट शून्य नसेल तरच तो वाढवायचा. कर्नलमधले ‘केरेफ-गेट-अनलेस-झीरो’ हे फंक्शन त्यासाठीच आहे. शून्य दिसले तर वस्तू संपली असे समजून माघार घ्यायची. या फंक्शनच्या नावामुळे अनेकांना ते एकटेच पुरेसे वाटते. आरसीयू किंवा लॉकचे संरक्षण नसेल तर ते फंक्शनही परत दिलेल्या मेमरीतच शून्य शोधत बसते.

मोजणीची चूक किती महाग पडते, हे जानेवारी २०१६ मध्ये दिसले. परसेप्शन पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी लिनक्सच्या की-रिंग विभागातला दोष जाहीर केला. त्याचा क्रमांक सीव्हीई-२०१६-०७२८. एखाद्या प्रक्रियेने आपली सध्याचीच सेशन की-रिंग पुन्हा मागितली, तर कोडमधल्या एका वाटेवर वाढवलेला काउंट घटवायचा राहून जात होता. एरवी ही फक्त गळती. पण काउंट ३२ बिटांचा होता. तीच मागणी ४,२९,४९,६७,२९६ वेळा केली की आकडा फिरून शून्यावर येतो, कर्नल की-रिंग मोकळी करतो आणि हल्लेखोराच्या हातात मृत वस्तूचा जिवंत पॉइंटर राहतो. संशोधकांच्या साध्या संगणकावर याला सुमारे अर्धा तास लागला. हा दोष ३.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, कर्नलमध्ये होता.

यावरचा उपाय पॅक्स प्रकल्पाने आधीच वापरात आणला होता, पण मुख्य कर्नलने तो घेतला नव्हता. २०१७ मध्ये ४.११ आवृत्तीत पीटर झिल्स्ट्रा यांनी ‘रेफकाउंट-टी’ हा वेगळा प्रकार आणला. एलेना रेशेतोवा, कीस कुक आणि इतरांनी जुने काउंट त्यात बदलण्याचे दीर्घ काम हाती घेतले. या प्रकारात काउंट मर्यादेला पोचला की तिथेच अडकतो, फिरून शून्यावर येत नाही. शून्यावरून वर नेण्याचा प्रयत्न झाला तर इशारा मिळतो. हिशेब चुकलाच तर मेमरी गळू दे, पण वापरातली वस्तू मोकळी होऊ नये, हे यामागचे धोरण. नेटवर्किंगवाल्यांनी वेगाच्या कारणाने हरकत घेतली होती. पुढच्या सुधारणांनी तो फरक बराच कमी केला. चूक टाळता येत नसेल तेव्हा तिची दिशा तरी ठरवावी, हा या बदलाचा धडा आहे.

भाषांनी हाच भार कंपायलरवर टाकायचा प्रयत्न केला. सी++११ मधला ‘शेअर्ड पॉइंटर’ काउंट ॲटॉमिक ठेवतो, म्हणून तो सुरक्षित आहे असा समज पसरला. तो अर्धाच खरा आहे. दोन थ्रेडांकडे आपापली प्रत असेल तर ठीक. दोघे एकाच पॉइंटर व्हेरिएबलवर वाचन-लेखन करू लागले, तर वर सांगितलेली फट जशीच्या तशी उघडी राहते. त्यासाठी सी++२० मध्ये वेगळा ॲटॉमिक प्रकार आला, पण प्रमुख लायब्ररींत तो आतून लॉकच वापरतो. ॲपलने ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये २०११ पासून वाढव-घटवच्या सूचना कंपायलरकडून घालून घेतल्या आणि स्विफ्टने तेच पुढे नेले. विसरण्याची चूक त्याने गेली, थ्रेडांमधल्या शर्यतीची चूक गेली नाही.

मे २०१५ मध्ये १.० आवृत्ती आलेल्या रस्टने मात्र मूळ मुद्द्यालाच हात घातला. साधा ‘आरसी’ आणि ॲटॉमिक ‘आर्क’ असे दोन प्रकार तिथे आहेत. ‘आरसी’ दुसऱ्या थ्रेडकडे पाठवायला गेले तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. ‘आर्क’ची नवी प्रत घ्यायची तर आधीचा एक जिवंत ‘आर्क’ हातात असावा लागतो, म्हणजे काउंट किमान एक असतोच. फट बुजवण्याऐवजी ती उघडूच न देणे, हा रस्टचा मार्ग. त्याच्याही सीमा आहेत. गळती रस्टमध्ये असुरक्षित मानली जात नाही. १.० च्या तोंडावर असे लक्षात आले की ‘आरसी’चे वर्तुळ करून एखादा थ्रेड-रक्षक गळू दिला, तर मूळ थ्रेडची मेमरी संपल्यावरही दुसरा थ्रेड ती वापरू शकतो. ती सोय काढून टाकावी लागली आणि वेगळ्या रूपात २०२२ मध्ये परतली. ‘आर्क’च्या आतल्या कोडचीही औपचारिक सिद्धता देण्याचे काम झाले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, मेमरी-क्रमाचे नियम धरून तपासताना, त्याच्या एका फंक्शनमध्ये कमी पडलेला क्रम सापडला. वर्षानुवर्षे वापरात असलेल्या आणि तज्ज्ञांनी लिहिलेल्या मोजक्या ओळींची ही गोष्ट. लिनक्समध्ये रस्ट ६.१ आवृत्तीपासून आहे. तिथला ‘आर्क’ ‘रेफकाउंट-टी’वरच बांधलेला आहे, हा दोन्ही परंपरांचा चांगला मेळ.

उरतो खर्चाचा प्रश्न. अनेक कोअर एकाच आकड्यावर लिहू लागले की तो आकडा असलेली कॅशची ओळ एका कोअरकडून दुसऱ्याकडे फिरत राहते आणि निव्वळ वाचणारा प्रोग्रामही मंदावतो. लिनक्सच्या ‘पर-सीपीयू रेफ’ने (२०१३) आकडा कोअरांमध्ये वाटून दिला. पण बंद करण्याची घोषणा कोणीतरी करणार असेल, तिथेच तो चालतो. चोई, शल आणि टोरेलास यांनी २०१८ मध्ये ‘बायस्ड’ मोजणी मांडली. मालक थ्रेडसाठी साधा आकडा, इतरांसाठी ॲटॉमिक. पायथनने ऑक्टोबर २०२४ मधल्या ३.१३ आवृत्तीत जागतिक लॉकशिवायची प्रायोगिक बांधणी दिली ती याच आधारावर. अँडरसन, ब्लेलॉक आणि वेई यांनी २०२१ मध्ये काउंटिंग आणि हॅझर्ड पॉइंटरसारखे संरक्षण एकत्र करून दाखवले. १९७६ चा लांबणीचा विचार तिथे पूर्णपणे समवर्ती झाला. आजच्या संशोधनातला सर्वांत आश्वासक धागा हाच वाटतो, कारण वापरणाऱ्याला साधा काउंटिंगचा चेहरा दिसतो आणि वाचनाचा खर्च जवळपास नाहीसा होतो.

काउंट एक गोष्ट कधीच सांगत नाही. वस्तू कोणीतरी धरून ठेवली आहे एवढे तो सांगतो, ती पुढे वापरली जाणार आहे की नाही हे सांगत नाही. या उणिवेवर महाराष्ट्रातच महत्त्वाचे काम झाले. आयआयटी मुंबईतले उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात प्रोग्राम न चालवता, नुसता कोड वाचून, कोणते पॉइंटर यापुढे लागणार नाहीत हे शोधले जाते. ते पॉइंटर रिकामे करणाऱ्या सूचना कोडमध्ये घातल्या की अडकलेली मेमरी लवकर सुटते. अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्रामांत असे विश्लेषण फार अवघड होते, कारण दुसरा थ्रेड केव्हा काय वाचेल हे कोडवरून ठरत नाही. तरी काउंटिंगची गळती प्रोग्राम चालवण्याआधी पकडायची असेल, तर याच दिशेने जावे लागेल.

एकूण चित्र असे : आकडा अचूक ठेवण्याचा प्रश्न सुटला आहे, आकडा फिरण्याचा प्रश्न आटोक्यात आहे, आणि वर्तुळांचा प्रश्न आजही प्रोग्रामरच्या माथी आहे. वाचणे आणि नोंदवणे यांमधली फट रस्टसारख्या भाषेने नेहमीच्या वापरातून हद्दपार केली, पण सतत बदलणाऱ्या सामायिक पॉइंटरसाठी तिथेही हॅझर्ड पॉइंटर, आरसीयू किंवा लॉक यांपैकी काहीतरी लागतेच. म्हणून व्यवहारातला सल्ला साधा आहे. स्वतःचा काउंट स्वतः लिहू नये, भाषेने किंवा कर्नलने दिलेला तपासलेला प्रकार वापरावा. कोडची तपासणी करताना काउंट कुठे वाढतो हे पाहण्याआधी, वाढवण्याच्या क्षणी वस्तू जिवंत आहे याची हमी कोण देते, हे विचारावे. त्याचे उत्तर कोडमध्ये सापडत नसेल, तर तो कोड स्वीकारू नये.