राणी, राजा आणि परमगुरूंचे पत्र

गेल्या वर्षी विजय नगरातील एका मराठी घरी प्रार्थनेनंतर गृहिणीने मला विचारले, "फादर, राणी क्लोटिल्डाने राजाला ख्रिस्ताकडे आणले, असे आपण प्रवचनात सांगितलेत. माझ्या यजमानांना मी अजून आणू शकले नाही. माझे कुठे चुकले?" प्रवचन माझेच होते. उत्तर सुचेना, म्हणून मूळ ग्रंथ पुन्हा उघडले.

तूर येथील महागुरू ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रँक लोकांचा इतिहास लिहिला. त्यात क्लोटिल्डा पतीला दीर्घ उपदेश करते. परंतु ज्या देवांचे खंडन ती करते ते सॅटर्न, ज्युपिटर, मार्स हे रोमन देव आहेत. फ्रँक राजासमोर त्यांचे प्रयोजन काय? हे भाषण ग्रंथकाराचे आहे, राणीचे नव्हे, अशी शंका येते. शिवाय त्या उपदेशाने क्लोव्हिस वळतच नाही. पहिला मुलगा बाप्तिस्म्यानंतर लगेच दगावतो आणि राजा राणीलाच दोष देतो. तो वळतो तो रणांगणावर, पराभव समोर दिसू लागल्यावर.

संत बीड (आपल्या मराठवाड्यातील जिल्ह्याशी केवळ नामसाम्य) यांनी 731 साली पूर्ण केलेला इंग्लंडचा धर्मेतिहास अधिक बोलका आहे. केंटची राजकन्या एथेलबुर्ग 625 साली नॉर्थंब्रियाच्या एडविन राजाकडे आली ती एका अटीवर: तिला व तिच्या परिवाराला आपल्या धर्माप्रमाणे उपासना करता यावी. तिच्यासोबत महागुरू पॉलिनस आले. पुढे मारेकऱ्याचा हल्ला, कन्येचा जन्म, युद्धातील विजय, दरबाऱ्यांची मसलत असे टप्पे येतात. अखेर 627 च्या पुनरुत्थान सणाला यॉर्क येथे राजाचा बाप्तिस्मा होतो. मसलतीत जुन्या धर्माचा मुख्य पुरोहितही बोलतो. राणीच्या तोंडी मात्र बीड एकही वाक्य घालत नाहीत.

तिच्या वाट्याला आले ते परमगुरू पाचवे बोनिफास यांचे पत्र, सोबत चांदीचा आरसा आणि हस्तिदंती फणी. पतीचे मन मऊ करण्याचा आग्रह त्यात आहे, आणि आधार संत पौलाचा. येथे मी अडखळलो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, चौदाव्या ओवीत, विश्वास न ठेवणारा पती पत्नीच्या ठायी पवित्र झाला आहे असे पौल म्हणतो. तारणाचा उल्लेख सोळाव्या ओवीत येतो, आणि तेथे तो पत्नीला प्रश्न विचारतो: तू पतीला तारशील की नाही, हे तुला काय ठाऊक? परमगुरूंच्या पत्रात या प्रश्नाचे ठाम आश्वासन झाले आहे. आश्वासन एकदा दिले की ते न फळल्यास दोष पत्नीच्या माथी येतो. पहिले परमगुरू ग्रेगरी यांनी 601 साली बर्था राणीला लिहिताना तिची स्तुती केली खरी, पण हे काम तिने पूर्वीच करायला हवे होते असा टोलाही दिला.

दोषाचा हा न्याय उलट बाजूनेही चालतो. पूर्व अँग्लियाचा रेडवाल्ड बाप्तिस्मा घेऊन परतला आणि एकाच देवळात ख्रिस्ताची व जुन्या देवतांची वेदी ठेवू लागला. बीड त्याचा ठपका त्याच्या पत्नीवर व दुष्ट उपदेशकांवर ठेवतात. राजाची स्वतःची सोय, शेजारच्या राज्यांचे दडपण यांचा विचार बाजूलाच राहतो. माझ्या मते राण्यांचे खरे काम मन वळवण्याचे नव्हतेच. त्यांनी घरात उपासनेला जागा मिळवली: कँटरबरीचे संत मार्टिनचे मंदिर बर्थाच्या प्रार्थनेचे होते, आणि 597 साली आलेल्या ऑगस्टीनच्या मंडळीने प्रथम तेथेच उपासना केली.

राजघराण्यातील विवाहाने धर्म एकाच दिशेने वाहतो असेही नाही. आमच्या इंदूरचे माजी महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्याशी 1928 साली विवाह करण्यापूर्वी अमेरिकेच्या नॅन्सी मिलर यांनी हिंदू धर्म स्वीकारला. आणि मराठी ख्रिस्ती घराचे उदाहरण घ्यायचे तर नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या वर्षांतील वियोग, राग आणि विचार 'स्मृतिचित्रे'त वाचावेत. तेथे कोणी कोणाला ओढून आणलेले नाही.

त्या भगिनींकडे मी पुन्हा गेलो व सोळावी ओवी वाचून दाखवली. यजमान शेजारीच बसले होते. "म्हणजे हा प्रश्नच आहे तर," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.