‘पूरक’ या शब्दाचे गृहीतक

मराठी व्याकरणाच्या विद्यार्थ्यास ‘पूरक’ हा शब्द अपरिचित नाही. ‘राम राजा झाला’ या वाक्यात ‘झाला’ या क्रियापदाचा अर्थ एकट्याने पुरा होत नाही. ‘राजा’ हे विधानपूरक येते, तेव्हा वाक्य उभे राहते. अर्थात पूरकाच्या आधी उणीव सिद्ध असावी लागते. औषधांच्या दुकानांतील ‘आहारपूरकां’च्या बाबतीत हा क्रम उलटतो. पूरक आधी येते आणि त्याच्या नावावरूनच उणीव सिद्ध मानली जाते. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिन औषधांनी स्नायू दुखतात, अशी तक्रार करणाऱ्यांना जी पूरके सुचविली जातात त्यांच्या भाषेचा विचार येथे करावयाचा आहे.

यांत अग्रमान ‘कोएन्झाइम क्यू-१०’ या द्रव्याचा. १९५७ साली फ्रेडरिक क्रेन यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात ते वेगळे केले. पेशींतील ऊर्जानिर्मितीस ते आवश्यक असते. शरीर ज्या रासायनिक मार्गाने कोलेस्टेरॉल घडविते, त्याच मार्गाच्या एका फाट्यावर हे द्रव्यही घडते. स्टॅटिन त्या मार्गाचा आरंभच अडविते. तेव्हा रक्तातील या द्रव्याचे प्रमाण घटते, एवढे खरे आहे. परंतु पुढे दोन ‘म्हणून’ येतात : ते घटते म्हणून स्नायू दुखतात, आणि म्हणून ते पोटात घेतल्यास दुखणे थांबेल. ‘म्हणून’ हे अव्यय ‘म्हणणे’ या धातूपासूनच आले आहे, याचे येथे स्मरण व्हावे. कारण दाखविल्याचा भास होतो, प्रत्यक्षात ते नुसते म्हटलेले असते.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात रुग्णांना आळीपाळीने स्टॅटिन व निर्द्रव्य गोळी देण्यात आली. पूर्वी तक्रार केलेल्यांपैकी शेकडा ३६ जणांनाच केवळ स्टॅटिनच्या काळात दुखले. अशा निवडलेल्या रुग्णांनाही दररोज ६०० मिलिग्रॅम क्यू-१० देऊन वेदना कमी झाली नाही. २०१८ च्या एका संकलित परीक्षणाचा निष्कर्ष मात्र अनुकूल आहे. पण त्यातील प्रयोग लहान होते. ‘ड’ जीवनसत्त्वाचा पक्ष याहून दुबळा. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात ते घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या अशा दोन्ही गटांत शेकडा ३१ जणांनी स्नायूंची तक्रार केली.

यावरून वेदना खोटी, असे कोणी समजू नये. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील प्रयोगात, स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांना जो त्रास स्टॅटिनने झाला त्याच्या शेकडा ९० इतका निर्द्रव्य गोळीनेही झाला. दुखत होतेच, वाद आहे तो ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययाविषयी. स्टॅटिनने स्नायूंना क्वचित गंभीर इजा होते हेही नाकारता येत नाही. सेरिव्हास्टॅटिन हे औषध त्यापायीच २००१ साली बाजारातून काढून घ्यावे लागले.

पूरकांची क्रियापदेही पाहण्याजोगी आहेत. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यान्वये पूरकाच्या वेष्टनावर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही, शरीराच्या कार्यास साहाय्य होते असे मात्र लिहिता येते. ‘बरे करणे’ या क्रियेला शेवट आहे, आणि तो आला की नाही हे तपासता येते. ‘साहाय्य करणे’ या क्रियेला शेवटच नाही. विक्रेत्याला यापेक्षा सोयीचे क्रियापद क्वचितच सापडेल!

सर्वांत विलक्षण प्रकार तांबड्या किण्वित तांदळाचा. गोळ्यांना कंटाळलेला रुग्ण ‘नैसर्गिक’ म्हणून तो घेतो. त्यातील मोनॅकोलिन-के हे द्रव्य अकिरा एंडो यांनी १९७९ साली एका बुरशीतून वेगळे केले. अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळालेले लोव्हास्टॅटिन ते हेच. म्हणजे ज्या औषधाने दुखते म्हणून सोडले, त्याचाच एक भाऊबंद निराळ्या नावाने पुन्हा पोटात जातो, आणि तोही किती हे बहुधा मोजलेले नसते. युरोपीय संघाने २०२२ साली त्याची दैनिक मात्रा ३ मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचे बंधन घातले आणि वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे केले.