लिहून देणाऱ्याच्या हातात लेखणी असते का?

जुनी कागदपत्रं वाचायला बसलं की 'लिहून देणे' हे क्रियापद लगेच भेटतं. ते इतकं ओळखीचं वाटतं की शब्दकोश उघडावासाच वाटत नाही. गोची तिथेच होते.

या जुन्या अर्थाने ते आज जवळजवळ फक्त दस्तांत उरलंय. टिटवाळ्याच्या आसपासच्या जमिनीचं एखादं मराठी खरेदीखत काढून बघा. विकणारा 'लिहून देणार', विकत घेणारा 'लिहून घेणार'. मजकूर मात्र वकिलाने नाहीतर दस्तलेखकाने तयार केलेला असतो, या दोघांनी बहुधा सहीपलीकडे एक अक्षरही लिहिलेलं नसतं. म्हणजे इथे लिहिणं हे हाताचं काम नाही, स्वतःला त्या मजकुराने बांधून घेणं आहे. दस्तनोंदणीच्या सूची क्र. 2 मध्ये सातवा रकाना 'दस्तऐवज करून देणाऱ्या/लिहून ठेवणाऱ्या पक्षकाराचे नाव' असा असतो. 'करून देणे' ठीक आहे, पण 'लिहून ठेवणे' फसवं आहे. आज लिहून ठेवतात ती वाण्याची यादी. त्यापेक्षा 'लिहून देणार' कितीतरी नेमकं, आणि 'निष्पादक'सारखं परकंही नाही.

पण खरी गंमत 'घेणे'मध्ये आहे. सर वर्गात 'लिहून घ्या' म्हणतात तेव्हा पेन विद्यार्थ्याच्या हातात असतं. पोलिसांनी जबाब लिहून घेतला, तर बोलतो साक्षीदार आणि लिहितो पोलीस. पण साहेबांनी राजीनामा लिहून घेतला म्हटलं की लिहिणारा बिचारा नोकर! क्रियापद तेच, पण पेन या हातातून त्या हातात. याचा अर्थ 'देणे-घेणे' हे लेखणीबद्दल काहीच सांगत नाही. लिहिलेला कागद शेवटी कुणाच्या हाती राहणार, कुणाच्या कामी येणार, एवढंच ते सांगतं. व्याकरणाच्या पुस्तकात 'संयुक्त क्रियापद' या प्रकरणात आपण हे वाचतो आणि परीक्षेनंतर सोडून देतो.

मग 'लेखक' कोण? ज्ञानेश्वरीच्या शेवटी टीका 'केली' ज्ञानेश्वरांनी, आणि 'लेखक' झाले सच्चिदानंदबाबा. कर्ता वेगळा, लेखक वेगळा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. विचार कसे मांडावेत हे तिथे शोधायला गेलात तर हाती लागेल ते अक्षराचं वळण आणि कोऱ्या कडा. कडा का, तर कागद झडला तरी अक्षर झडू नये म्हणून. पोथी जपणाऱ्याला यापेक्षा कामाचा सल्ला मिळणार नाही. आणि टिटवाळ्याच्या महागणपतीसमोर हे वेगळं सांगायला नकोच: महाभारत गणपतीने लिहून घेतलं म्हणतात, पण त्याला कुणी महाभारतकार म्हणत नाही. (ही कथा पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने मूळ संहितेतून काढून परिशिष्टात टाकली आहे, तेव्हा प्रबंधात वापरताना जपून.)

हे सगळं शब्दांचे खेळ वाटत असतील तर एक उदाहरण घ्या. समजा, तुम्ही शंभर जुन्या दस्तांची माहिती एक्सेलमध्ये भरताय आणि 'लिहून देणार' या नावांसाठी रकाना केलात 'लेखक'. त्यात एका विधवेने जमीन लिहून दिलीय. पुढे कुणीतरी तुमच्या तक्त्यावरून साक्षर बायका मोजणार, आणि ही बाई त्यात जाऊन बसणार. उलट चूकही तितकीच वाईट आहे. मजकूर कारकुनाचा म्हणून तिचं नावच गाळलं, तर ज्या व्यवहारात ती मालक म्हणून उभी होती तिथूनच ती गायब.

कागद स्वतः हा घोटाळा करत नाही. पाटलाने लिहून दिलेल्या जुन्या कागदाखाली 'निशाणी नांगर' सापडते, सहीऐवजी नांगराची खूण. प्रत्यक्ष लिहिणाऱ्याचं नाव वेगळं दिलं असेल तर ते 'बकलम' म्हणून येतं, म्हणजे अमक्याच्या कलमाने. 'बकलम खुद्द' असेल तर स्वतःच्या हाताने.

तेव्हा रकाने निदान तीन करा: लिहून देणार, लिहून घेणार, बकलम. खुणेसाठी चौथा केलात तर उत्तम. बकलम नसेल तिथे रकाना रिकामा ठेवा, अंदाजाने भरू नका. मार्गदर्शक विचारतील, एवढे रिकामे कप्पे कशाला? त्यांना नांगर दाखवा.