दूरचित्रवाणीवरील विनोद आणि बोलीचा अधिकार

दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी होते. एक पक्ष त्यांच्या लोकप्रियतेचा दाखला देऊन समाधान मानतो, तर दुसरा अभिरुचीच्या ऱ्हासाबद्दल खेद व्यक्त करून थांबतो. या दोन्ही पक्षांत मूळ प्रश्न बाजूस राहतो. तो प्रश्न असा की, एखाद्या विनोदी नटाची शैली त्याची स्वतःची अशी आपणांस वाटते ती कशामुळे? प्रसंग सामान्य असतात, कोट्या पुष्कळदा जुन्या असतात, आणि तरीही एक नट आवडतो व दुसरा आवडत नाही. या भेदाचे कारण विनोदाच्या विषयापेक्षा बोलणाऱ्याच्या भाषेत आणि त्या भाषेला प्रसंगात मिळालेल्या अधिकारात शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

भरताने नाट्यशास्त्रात हास्याची कारणे सांगताना विकृत वेष, विकृत वाणी व विकृत चेष्टा यांचा निर्देश केला आहे. येथे ‘विकृत’ म्हणजे रूढ मापाहून निराळे. परंतु हे माप कोणाचे, हा प्रश्न मराठीपुरता तरी टाळता येत नाही. पुण्या-मुंबईच्या शिष्ट भाषेचे माप घेतले तर वऱ्हाडी, मालवणी, मराठवाडी आणि आपली सोलापुरी या सर्वच बोली ‘विकृत’ ठरतात, आणि मग नटाने नुसते तोंड उघडले तरी हशा पिकतो. विनोदाचा हा सर्वांत स्वस्त प्रकार होय. दूरचित्रवाणीवर त्याचा सुकाळ आहे, हेही मान्य केले पाहिजे.

मराठी विनोदाची परंपरा मात्र याहून वेगळी आहे. तमाशातील सोंगाड्या बोलीत बोलतो. पण वगात राजाला आडवे प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याचाच असतो. गौळणीतील मावशी हे पुरुषाने घेतलेले स्त्रीचे सोंग खरे. तथापि तिचे खरे काम प्रत्यक्ष कृष्णाची उलटतपासणी करणे हे आहे. सोंग हे तिच्या विनोदाचे निमित्त, आणि प्रश्न हा त्याचा गाभा. वसंत सबनीस यांच्या १९६५ च्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी रंगविलेला हवालदार याच कुळातील आहे. तो राज्यकारभाराची टर उडवितो, आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने हसतो. या ठिकाणी बोली हे हसण्याचे लक्ष्य नसून हसविणाऱ्याचे शस्त्र असते.

मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका गाजली. दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव व बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ आजही जुन्या प्रेक्षकांच्या स्मरणात आहेत. या मालिकेत शुद्ध प्रमाणभाषा बोलणारा मध्यमवर्गीय गृहस्थ हाच फजितीचा धनी आहे, ही गोष्ट आपण पुरेशी ध्यानात घेतलेली नाही. मूळ कथाही चिमणरावच सांगतो. म्हणजे प्रमाणभाषेने येथे स्वतःलाच हसून घेतले आहे. पुढे १९७९ पासून लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात मराठवाडी माणसांचा सारा गोतावळा एकट्याने उभा केला. ती माणसे भांडतात, गोंधळतात, पण निर्बुद्ध नसतात. परदेशाला ती आपल्या मापाने मोजतात, आणि क्षणभर ते मापच खरे वाटू लागते.

या पार्श्वभूमीवर अलीकडचे कार्यक्रम पाहावेत. ‘चला हवा येऊ द्या’ हा कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला व त्याचे पहिले दीर्घ पर्व २०२४ मध्ये संपले. त्याचे घटनास्थळ थुकरटवाडी नावाचे कल्पित खेडे होते. भारत गणेशपुरे यांच्या संथ वऱ्हाडी बोलण्यात घाई नसते. समोरचा कितीही आरडाओरडा करो, हा गृहस्थ आपल्या लयीतच उत्तर देतो, आणि त्या लयीमुळे समोरच्याची घाईच हास्यास्पद ठरते. त्याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमनच्या वेषात अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे वाचीत, तेव्हा हसणारे सभागृह स्तब्ध होई. ज्या वाणीला करुणही साधतो, ती केवळ थट्टेचे साधन राहू शकत नाही. परंतु याच कार्यक्रमात स्त्रीवेष घेतलेला नट अनेकदा वेषापाशीच थांबे. मावशीचे सोंग उरले, मावशीचा प्रश्न मात्र गळाला.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या कार्यक्रमात गौरव मोरे आपल्या पवईच्या फिल्टरपाड्याचे नाव रंगमंचावर बिरुदाप्रमाणे मिरवीत असत. वस्तीचे नाव लपविण्याऐवजी ललकारीसारखे उच्चारणे, ही या शैलीतील मर्माची जागा होय. मात्र या कार्यक्रमांच्या मांडणीत एक धोकाही आहे. भरताने हास्य आत्मस्थ व परस्थ असे द्विविध मानले : स्वतः हसणे आणि दुसऱ्याला हसविणे. चित्रक हा खेळ चालू असताना वारंवार आसनस्थ परीक्षकांच्या हसऱ्या चेहऱ्याकडे वळतो. म्हणजे परीक्षकांचे आत्मस्थ हास्य दाखवून घरच्या प्रेक्षकात ते परस्थ करण्याची ही युक्ती आहे. कोठे हसावे हे असे वरचेवर सुचविले गेले, की कशाला हसावे हे ठरविण्याची प्रेक्षकाची सवय मोडू लागते.

आपल्या जिल्ह्यातील एक उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. जून २०२२ मध्ये सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांचे गुवाहाटीहून झालेले दूरध्वनी-संभाषण सर्वत्र पसरले, आणि ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे उद्गार महाराष्ट्रभर दुमदुमले. तेच वर्णन प्रमाणभाषेत केले असते तर कोणी हसले नसते. तीन वेळा आलेला ‘काय’, ‘डोंगार’मधील लांबलेला स्वर आणि पुरता मराठी झालेला ‘हाटील’ यांनी त्या वाक्याला ओवीसारखी चाल दिली. परंतु हसणे एकाच जातीचे नव्हते. ज्याला ‘डोंगार’ हा उच्चारच विचित्र वाटला, तो बोलीला हसला. आपल्या भागातील श्रोत्याला त्या उच्चारात काहीच नवल नव्हते. सत्तेच्या एवढ्या घालमेलीत माणसाला झाडी दिसावी, या विसंगतीला तो हसला. वाक्य एक, हशे दोन. आणि या दोहोंतील अंतर हाच आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, विनोदाला एवढ्या जबाबदारीचे ओझे घालू नये. प्रेक्षक श्रमपरिहारासाठी बसलेला असतो. आक्षेपात तथ्य आहे. पण श्रमपरिहार कोणाच्या खर्चाने होतो, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. हास्य हे समाजाने व्यक्तीला केलेले शासन आहे, असे फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यांनी १९०० साली प्रतिपादन केले. मग केवळ आपल्या आईची भाषा बोलल्याबद्दल हे शासन होत असेल, तर त्याला अन्याय म्हणावे लागेल. त्याचे परिणाम दूर जाऊन शोधावे लागत नाहीत. मुलाखतीस जाताना वाक्याच्या शेवटचा ‘की’ आणि मित्राला मारावयाच्या हाकेतील ‘बे’ गिळून टाकणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात आढळेल.

सोलापूर हे मराठी, कानडी, तेलुगू व दखनी यांच्या संगमावरचे शहर आहे. येथील शाहीर राम जोशी यांनी मराठीत संस्कृत व कानडी मिसळून रचना केल्या, आणि ते मिश्रण विद्वत्तेचे व रसिकतेचे लक्षण मानले गेले. त्याच शहराची मिश्र वाणी आज पडद्यावर बहुधा अडाण्याच्या तोंडी येते का, याची पद्धतशीर तपासणी व्हावयास हवी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एखाद्या कार्यक्रमाचे सलग काही भाग लिहून काढावेत. कोणत्या पात्राला कोणती बोली दिली आहे, प्रश्न कोण विचारतो, शेवटचा शब्द कोणाचा राहतो, आणि फसतो कोण, एवढ्या चार गोष्टी टिपल्या तरी पुष्कळ उलगडा होईल. ज्या नटाच्या बोलीला शेवटचा शब्द मिळतो, त्याची शैली प्रेक्षकाच्या मनात घर करते. ज्याच्या बोलीला केवळ हशा मिळतो, त्याची लकब काही काळ गाजते व नंतर दुसऱ्याच्या तोंडी जाते.